चौसष्ट हजारांचं एस्टिमेट आणि न झालेल्या तीन चाचण्या

प्रश्न: माझी २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट १,०८,००० किलोमीटर चालली आहे. मागच्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात, एसी चालू आणि गाडीत पाच जण असताना, तापमानाचा लाल दिवा लागला. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत पाऊण-एक किलोमीटर गेलं. तासभर थांबलो, रेडिएटरमध्ये जवळजवळ दोन लिटर पाणी ओतलं आणि एसी बंद ठेवून घरी आलो. आता गावात गाडी नीट चालते. एसी लावला की पंखाही फिरतो. पण तीन-चार दिवसांनी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी बोटभर उतरलेली दिसते आणि रेडिएटरच्या एका टोकाला, प्लास्टिकजवळ, हिरवट-पांढरा डाग आहे. गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, "हेड गॅस्केट गेलंय, सगळी कूलिंग सिस्टीम बदलू" म्हणाले आणि ५४,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३,७२० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. हा भाव रास्त आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर: तुम्ही एस्टिमेटचा फोटो जोडलात हे बरं केलंत. त्यातले आकडे असे: रेडिएटर ७,९००, वॉटर पंप ३,४००, थर्मोस्टॅट १,६५०, होस पाइपांचा संच २,४५०, फॅन मोटर ५,२००, कूलंट ८ लिटर ३,२००, हेड गॅस्केट संच आणि बोल्ट ४,८००, बाहेरून हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) व हेडची प्रेशर टेस्ट ४,५००, इंजिन ऑइल व फिल्टर २,६००, लेबर १६,५००, कन्झ्युमेबल्स १,८००. सुटे सुटे पाहिले तर यातले बरेचसे दर चढे असले तरी लुटीचे नाहीत. यातलं किती काम तुमच्या गाडीला लागणार आहे, हे मात्र अजून कुणीच तपासलेलं नाही. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. ते गेल्याचं बॉनेट उघडून नुसत्या नजरेने सांगता येत नाही. त्यामुळे आत्ता घासाघीस करून ६३ चे ५५ हजार करून घेतलेत, तरी नको असलेलं कामच आठ हजार स्वस्तात पदरात पडण्याची शक्यता जास्त.

आधी तुमच्याच पत्रातून काय कळतं ते पाहू. या गाडीत एकूण कूलंट साधारण साडेचार-पाच लिटर बसतं (नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये असतो). त्यात दोन लिटर पाणी मावलं, म्हणजे जवळजवळ निम्मी सिस्टीम रिकामी होती. काही भाग घाटात उकळून उडाला असेल, पण बाकीचा आधीच, हळूहळू, कित्येक आठवड्यांत गेला असणार. टाकी रिकामी होऊन रेडिएटरमधली पातळीही खाली गेली, सपाट रस्त्यावर कसंबसं भागलं, आणि चढ, ओझं व एसी एकत्र आल्यावर दिवा लागला. रेडिएटरच्या टोकाचा डाग याच्याशी जुळतो. हल्लीच्या रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. मध्ये रबरी सील घालून अॅल्युमिनियमच्या कडा वर दाबलेल्या असतात. आठ-दहा वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं, सील कडक होतं आणि त्या जोडावर कूलंट झिरपून वाळतं. मागे राहतो तो हिरवट-पांढरा डाग.

तेव्हा पहिला संशयित रेडिएटर. हेड गॅस्केट निर्दोष आहे असंही इथे बसून म्हणता येणार नाही, कारण लाल दिव्यानंतर गाडी पाऊण किलोमीटर चालली आहे आणि या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. अॅल्युमिनियम जास्त तापलं की वाकतं. म्हणून तीन चाचण्या. तिन्ही मिळून खर्च साधारण हजार-दोन हजारांच्या आत बसतो, वेळ अर्ध्या दिवसाचा, आणि हेड उतरवावं लागत नाही.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढतात, त्या जागी हातपंप लावतात आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असं लिहिलेलं असतं, तो बारमधला दाब. त्याहून जास्त भरायचा नाही, नाहीतर नसलेली गळती तयार व्हायची. दहा-पंधरा मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. काटा उतरला तर टॉर्च घेऊन शोधायचं: रेडिएटरचे जोड, वरच्या-खालच्या होसची टोकं, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, वॉटर पंपाच्या खालचं बारीक छिद्र. हे छिद्र कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर येतं. तिथे ओल किंवा वाळलेला ओघळ असेल तर पंप बदलायचा, नसेल तर पंपाचा खर्च आत्ता धरायचं कारण नाही. बाहेर कुठेच थेंब नाही आणि काटा तरी उतरतोय, अशा वेळी पुढच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट चाचपून पाहा. हीटरची जाळी गळत असेल तर तिथे ओल आणि गोडसर वास येतो. तिथेही कोरडं असेल, तरच संशय इंजिनाच्या आत वळतो. त्याच पंपाने झाकणही तपासून घ्या. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की दाब टिकत नाही. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं कूलंट आणि एक बारच्या आसपास दाब असेल तर तेच सव्वाशे अंशांच्या जवळपास. दाबच राहिला नाही की गाडी घाटात उकळते, आणि दोष काय तर दोन-तीनशे रुपयांचं झाकण. तुमच्या एस्टिमेटमध्ये झाकणाचा उल्लेखच नाही, हे मजेशीर आहे.

एक खोच: काही भेगा गरम झाल्यावरच उघडतात. थंड इंजिनावर काटा स्थिर राहिला तर गाडी फिरवून आणा, झाकण उघडता येईल इतकी निवू द्या आणि पुन्हा दाब भरायला सांगा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मेकॅनिकलाही लागू.

दुसरी चाचणी ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये येतात का याची. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची काचेची नळी धरतात. गॅस्केट फुटलं असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. रेडिएटरमधली पातळी आधी थोडी कमी करावी लागते, कारण नळीत कूलंट ओढलं गेलं तर निकाल बाद. रंग निळाच राहिला तर एकदा चढावर गाडी चालवून आणून पुन्हा करून घ्या. बारीक फट कधीकधी ओझ्याखालीच वायू सोडते.

तिसरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची. इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर. त्यांच्यात एक बारपेक्षा जास्त फरक असेल तर खोलात जावं लागेल. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर मधल्या पट्टीत गॅस्केट गेल्याची जवळजवळ खात्री. चारही आकडे चांगले आले म्हणून मात्र गॅस्केट सुटलं असं नाही, त्यामुळे ही चाचणी दुसरीला जोडूनच वाचायची.

घरी पाहण्यासारखंही बरंच आहे. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होस दगडासारखा कडक झाला, टाकीत सतत बुडबुडे आले किंवा इंजिन गरम झाल्यावरही मागून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर गॅस्केटचा संशय पक्का धरा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी सुरूच करू नका. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळसर साका दिसला म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो दमटपणाने जमतो. काही ठिकाणी हाच साका दाखवून हेड उतरवायला लावतात. डिपस्टिक स्वच्छ असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

आता एस्टिमेट. फॅन मोटरचे ५,२०० तूर्त काढून टाका. एसी लावल्यावर पंखा फिरतो म्हणजे मोटर जिवंत आहे. एसी बंद ठेवून, गाडी उभी असताना, इंजिन तापल्यावर पंखा आपोआप लागतो का एवढं पाहायचं राहिलं. लागला नाही तर आधी रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), सेन्सर आणि वायर तपासतात. रिले काही शे रुपयांत येतो. पंखा हा मुख्यतः उभ्या आणि हळू गाडीचा आधार. ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि हायवेला लागताच निवणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते. वेगात किंवा चढावर तापणारी गाडी रेडिएटर, पंप किंवा कमी कूलंटकडे.

थर्मोस्टॅटचे १,६५० द्यायला हरकत नाही. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा झडप असतो, एक लाखानंतर आणि एकदा गाडी तापून गेल्यावर बदललेला बरा. हवं तर जुना पातेल्यात पाण्यात टांगून, थर्मामीटर ठेवून उकळायला लावा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. होस पाइपांचं वय बघता वरचा आणि खालचा बदला. हीटरचे दाबून पाहा. फुगीर, चिकट किंवा चिरलेले नसतील तर राहू द्या. कूलंट ८ लिटर कशाला? तयार मिसळलेलं असेल तर पाच लिटरच्या आसपास पुरतं. सिस्टीम धुवायला वापरायचं तर ते काम पाण्याने होतं. मूळ घट्ट कूलंट असेल तर त्याहून कमी लागतं, उरलेलं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते जाळीच्या नळ्यांत बसतात आणि दोन वर्षांत नवा रेडिएटरही अर्धा बंद होतो. तुम्ही घाटात ओतलेलं पाणी कुठलंही असो, आता ते सगळं काढायचंच आहे, कारण त्यामुळे गंज रोखणारी रसायनं पातळ झाली आहेत. कूलंटचा हिरवा-निळा रंग पाहून निवड करू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार घ्या.

वॉटर पंपाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गाडीनुसार उत्तर बदलतं. तुमच्या स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनात पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो. आज नाही बदलला आणि वर्षाने गळला तर तेव्हा बदलणं जड नाही. बेल्ट उतरवून पुली हाताने हलवून पाहायची: खेळ नाही, खरखर नाही, छिद्र कोरडं, तर पंप चांगला. डस्टरच्या दीड लिटर डिझेलसारख्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट उघडलाच असेल तर पंप बदलून घेणं शहाणपणाचं, कारण पुन्हा उघडायची मजुरी पंपाच्या किमतीपेक्षा जास्त होते. "आता काढलंच आहे तर बदलून टाकू" हे वाक्य एका गाडीत प्रामाणिक असतं आणि दुसरीत विक्रीचं.

लेबरचे १६,५०० म्हणजे काय, याची फोड तुम्ही मागितलीत आणि त्यांनी दिली: हेड ८,५००, वॉटर पंप २,५००, रेडिएटर २,०००, फ्लशिंग (सिस्टीम धुणं) १,५००, थर्मोस्टॅट १,०००, फॅन १,०००. या इंजिनाचं हेड उतरवायचं तर टायमिंग चेनचं कव्हरही उघडावं लागतं, त्यामुळे ८,५०० मध्ये अतिरेक नाही. पण हेड उतरताना कूलंट काढलेलं असतं, होस सुटलेले असतात, बेल्ट निघालेला असतो. मग थर्मोस्टॅटची वेगळी मजुरी कशाची? पंखा रेडिएटरलाच बसवलेला असतो, दोन्ही एकत्र बाहेर येतात आणि तरी मजुरी दोनदा. सगळं काम खरोखर निघालं, तरी या ओळींतून तीन-चार हजार कमी व्हायला हवेत. कन्झ्युमेबल्सच्या १,८०० मध्ये नेमकं काय, तेही लिहून मागा. सिलिकॉन, क्लीनर आणि चिंध्यांना इतके लागत नाहीत.

आणि कर. भागांच्या आठ ओळींची बेरीज ३१,२०० होते. हे आकडे पाकिटावरच्या एमआरपीचे असतील तर कर त्यातच धरलेला असतो. त्यावर पुन्हा १८ टक्के लावले तर तुमच्याकडून ५,६१६ रुपये जास्तीचे जातील. प्रत्येक भागाचा पार्ट नंबर एस्टिमेटवर लिहायला सांगा आणि तो नंबर मारुतीच्या जेन्युइन पार्ट्सच्या साइटवर किंवा बूडमो या सुट्या भागांच्या साइटवर टाकून किंमत ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा बिलात २८ दिसले तर तिथेच थांबवा. "बिल नको असेल तर कर सोडतो" हा सौदा टाळा. पक्कं बिल नसेल तर नव्या रेडिएटरची वॉरंटी कुणाकडे मागणार?

प्रेशर टेस्टमध्ये फक्त रेडिएटर गळतोय आणि बाकी दोन्ही चाचण्या स्वच्छ, असं निघालं तर खर्च त्यांच्याच दरांनी मांडून पाहा. रेडिएटर ७,९००, थर्मोस्टॅट १,६५०, दोन होस अंदाजे १,२००, झाकण ३००, पाच लिटर कूलंट २,०००, मजुरी रेडिएटर आणि फ्लशिंग मिळून ३,५००. एकूण १६,५५०. पंधरा ते अठरा हजारांत हे काम रास्त म्हणता येईल. प्लास्टिकची टाकी बदलून जुनाच रेडिएटर पुन्हा दाबून देणारे रेडिएटरवालेही आहेत, पण १,०८,००० चाललेल्या जाळीवर तो खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. एपॉक्सी लावून तर मुळीच नाही.

गॅस्केट खरोखर गेलेलं निघालं तर हेडचं काम कंजूषपणे करू नका, त्यात वाचवलेले पैसे दुप्पट होऊन जातात. हेड लेथवर पाठवण्याआधी त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकडेपणा मोजायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, नेमकी कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळते. मर्यादेत असेल तर फेसिंगची गरज नाही. विनाकारण घासलेलं हेड पातळ होतं आणि कॉम्प्रेशन वाढतं. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही तसाच मोजायचा, तो बरेचजण विसरतात. हेडला बारीक तडा आहे का यासाठी प्रेशर टेस्ट हवीच. बोल्ट टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने), ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळायचे, "हाताला अंदाज आहे" हे उत्तर चालत नाही. ऑइल आणि फिल्टरचे २,६०० याच कामात योग्य आहेत, एरवी नाही. चेन उघडी असताना तिचे गाइड आणि टेन्शनर बघून घ्या.

याच्या उलट बाजूला स्वस्त उपाय सुचवणारेही भेटतील. रेडिएटरमध्ये हळद टाकणं हा रस्त्यावरून घरी पोहोचण्यापुरता जुना ड्रायव्हरी तोडगा आहे. गळती थांबते, आणि हीटरच्या बारीक नळ्याही बंद होतात. लीक-स्टॉपच्या बाटलीचंही तेच. "आपल्याकडे गरमी, थर्मोस्टॅट काढूनच टाकू" म्हणणाऱ्याला नको म्हणा. इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. पंखा डायरेक्ट (सतत फिरता) करून घेणंही तसंच, त्यात खरा दोष झाकला जातो.

गॅरेजमध्ये जाऊन वाद घालायची गरज नाही. एवढंच सांगा: "आधी तिन्ही चाचण्या करा, त्याचे पैसे मी वेगळे देतो, आकडे जॉब कार्डवर लिहा, आणि त्यानंतर मला फोन केल्याशिवाय काही उघडू नका. जुने भाग मला परत हवेत." चांगला मेकॅनिक यावर नाराज होत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. टाळाटाळ झाली तर गाडी दुसरीकडे न्या. लिहून दिलेल्या एस्टिमेटपेक्षा न विचारता जास्त बिल लावलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. विम्याची आशा धरू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, अपघातात रेडिएटर फुटला तर गोष्ट वेगळी.

तोपर्यंत गाडी गावापुरतीच वापरा, रोज सकाळी थंड असताना टाकी आणि आठवड्यातून एकदा रेडिएटरचं तोंड, दोन्हींतली पातळी पाहा. दिव्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. कूलंट फारच उतरलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापत असूनही दिवा लागायला उशीर होतो. काम झाल्यावर सिस्टीममधली हवा काढल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका: हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करायचं, थर्मोस्टॅट उघडून खालचा होस गरम होईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहायचं, मग झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी थोडी उतरलेली दिसेल. उरलेली हवा निघाली की तसं होतं, खुणेपर्यंत भरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतरत राहिली, तर बिल आणि जॉब कार्ड घेऊन परत जा.